डावा हात शकूमावशीचा

लोणावळ्याहून परतणारी माणसं चिक्कीचे डबे आणतात. मी या वेळी आठवडाभर राहून एक हातमोजा घेऊन आले. एकच, डाव्या हाताचा, शेवाळी रंगाचा आणि भलामोठा. सोसायटीतल्या शेजारणीने तो पाहून अगदी काळजीने विचारलं, "दुसरा वाटेत पडला का हो?" दारात उभं राहून तिला सांगण्याइतकी ही गोष्ट छोटी नव्हती, म्हणून इथे लिहिते आहे. हिवाळ्यात मावळात फिरायचा बेत असेल तर रस्ता, मुक्काम, जेवण यांची माहिती ओघात मिळेलच. मात्र धबधबे आणि पॉइंट शोधत आला असाल तर माफ करा, त्यातलं मी काहीच पाहिलेलं नाही.

सुरुवात आमच्या चिंचवडच्या घरातून झाली. आई ऐंशीला टेकली आहे. गेल्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. उजवा हात धडधाकट आहे, बोलणंही आहे, पण जीभ जड झाल्यामुळे ती शब्द वाण्याने केशर द्यावं तसे देते. डावा हात मुठीसारखा आखडलेला. दिवाळीनंतर थंडी पडली तसा तो हात गारठायला लागला. गरम पाण्याची पिशवी लावायला डॉक्टरांनी मनाई केली, कारण चटका बसला तरी तिला कळणार नाही. मी बाजारातून लोकरीचे हातमोजे आणले. आखडलेली पाच बोटं पाच घरांत शिरवायचा प्रयत्न केला तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मी त्या हाताला चक्क माझा जाडजूड पायमोजा चढवला. तिने तो दोन दिवस सहन केला. मग एका सकाळी पायमोज्याकडे बघत सावकाश म्हणाली, "शकूला... सांग. डावा."

मला तिचं म्हणणं लगेच कळलं. तुम्हाला कळायला माझ्यामागे स्कूटरवर बसून देहूरोडपर्यंत यावं लागेल.

भावजय आईजवळ राहायला आली आणि बुधवारी सकाळी मी निघाले. दुचाकीवाल्यांनो, द्रुतगती मार्गाच्या वाटेला जाऊ नका, तिथे आपल्याला मनाई आहे. जुना हायवे धरायचा. निगडी संपली की झाडं सुरू होतात आणि देहूरोडचा कॅन्टोन्मेंट येतो. माझं सगळं लहानपण या झाडांखाली गेलं. आई इथल्या फौजेच्या डेपोत पॅकिंगच्या कामाला होती आणि तिच्या शेजारच्या टेबलावर आंबी गावची शकुंतला, म्हणजे आमची शकूमावशी. जेवणाच्या सुट्टीत दोघी एका चिंचेखाली बसायच्या. मावशीच्या घरी बुद्धवंदना होई आणि आमच्या घरी सोवळं पाळणारी आजी होती. आजीला कळू नये म्हणून आई मावशीच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी तिथेच संपवून, चूळ भरून घरी यायची. आजीला वासावरून कळत असणारच, पण पगार आईचा होता.

त्या दोघींना मिटन विणायला शिकवलं ते फौजी क्वार्टरांच्या लाइनीत राहणाऱ्या एका गढवाली भाभीने. नवरा फौजेत, माहेर बर्फात. मिटन म्हणजे हातमोज्याचाच प्रकार, पण बोटांना वेगवेगळी घरं नसतात. चार बोटं एकत्र कुटुंबात आणि अंगठा तेवढा वेगळा निघालेला. त्यावर दोन रंगांच्या लोकरीची नक्षी, शंकरपाळ्यासारखे चौकोन. भाभी पुढे बदली होऊन गेली, पण वर सरहद्दीवर जाणाऱ्या जवानांच्या बायका मिटन मागायला या दोघींकडे येऊ लागल्या. नवऱ्याची रजा संपायच्या आत जोडी हवी असायची. म्हणून यांनी वाटणी केली. उजवा हात आई विणणार, डावा शकूमावशी.

गडबड अशी होती की आईची वीण घट्ट आणि मावशीची सैल. टाके तेवढेच, सुया त्याच, पण डावा मोजा दर वेळी उजव्यापेक्षा वीतभर ऐसपैस निघायचा. बरं, दोघींपैकी एकीनेही आपला हात बदलला नाही. आई म्हणायची, "शकू गोणपाट विणते." मावशी म्हणायची, "इंदू फास विणती." जवानांनी कधी तक्रार केल्याचं आठवत नाही. आम्हा मुलांना मात्र शाळेत हिवाळाभर चिडवून घ्यावं लागे. माझ्या डाव्या हाताला पोरं हत्तीचा पाय म्हणायची.

आता कळलं ना आई काय म्हणत होती? आखडलेल्या मुठीवर चढेल असा सैल मोजा विणणारी बाई मला ठाऊक असलेल्या जगात एकच होती.

डेपोच्या बाहेर मी स्कूटर थांबवून चहा घेतला. चिंचेचं झाड आतल्या बाजूला, त्यामुळे ते आहे की गेलं हे बाहेरून दिसत नाही. फाटकावरच्या जवानाला विचारावं असं फार वाटलं, पण फौजेच्या फाटकावर झाडाची चौकशी करणाऱ्या बाईकडे तो कसा बघेल हे डोळ्यांसमोर आलं आणि मी निघाले.

तळेगावहून आंबीला जायचं तर एमआयडीसीच्या दिशेने वळायचं. रस्ता चांगला आहे, पण कंपन्यांच्या बसेस आणि कंटेनर आपल्याला मच्छर समजतात, तेव्हा कडेने चालवा. कारखान्यांची भिंत संपते आणि एकदम भातखाचरं सुरू होतात. भात काढून झालं होतं. खाचरांत नुसते सड उभे होते आणि हवेत पेंढ्याचा वास होता. लहानपणी सुट्टीला आम्ही इथे यायचो तेव्हा कारखाने नव्हते, वास मात्र हाच होता.

मावशीला कळवून का गेले नाही, असं कुणी विचारेल. आईला झटका आल्यापासून मावशी फोनवर दोन वाक्यं बोलते, रडते आणि ठेवते. गुडघ्यांमुळे तिला येणं जमलेलं नव्हतं. तिच्याशी हे समोरासमोरच बोलायचं असं मी ठरवलं होतं. त्याचं फळ म्हणजे घराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर तिचे दीर किसनआबा ऊन खात बसले होते.

"वैनी व्हय? ती दसऱ्यापासनं लोणावळ्याला हाय, तुंगार्लीत, लेकीकडं, संगीताकडं. तुला ठावं न्हाई?"

"नाही आबा. मिटन विणून घ्यायचं होतं आईसाठी."

"मग लोकर घिऊन जा की. वैनी दरसाल ज्यांची घेती ती मेंढरं आमच्याच रानात बसलीत."

आबांनी आधी जेवायला बसवलं. पावट्याची आमटी आणि इंद्रायणीचा गरम भात. हा तांदूळ आपण पुण्यात विकत घेतो तो, पण आंबीतल्या चुलीवर त्याला जो वास येतो त्याची पिशवी मिळत नाही. मी दोनदा भात घेतला. तिसऱ्यांदा सुनबाईंनी न विचारता वाढला.

रानात फलटणकडचे बिरूभाऊ आपला कळप घेऊन उतरले होते. भात निघालं की शेतकरी मेंढरं आपल्या खाचरात बसवून घेतात. जमिनीला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. बिरूभाऊंची बायको कोकरांची लोकर कातरत होती. कोकराच्या अंगची ही पहिली लोकर, तिला जावळच म्हणतात, अगदी माणसाच्या बाळासारखं. बाकी लोकर घोंगडीला लागते तशी राठ, हे जावळ तेवढं मऊ. मी काळी आणि पांढरी दोन्ही मागितली. पांढरी कोकरं कळपात फार थोडी. त्यांनी तेवढी शोधून एका पोत्यात भरून दिली.

"दादा, किती द्यायचे?" मी बिरूभाऊंना विचारलं.

"कोन घेतंय आता लोकर, बाई? निम्मी तर बांधावर टाकून जातो. आंबीची म्हातारी पाठवती ती चहापत्ती देऊन जावा."

सुदैवाने तळेगावात मी मावशीसाठी चहा आणि साखर घेतली होती. ती तिथेच दिली. पोतं स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं आणि वडगावला जुन्या हायवेला लागले. कामशेतच्या टपरीवर चहा प्यायले तेव्हा टपरीवाल्याने विचारलं, "मावशी, कोंबड्या का?" मेंढराचा वास लपत नाही. लोकर आणणार असाल तर पोत्यावर गुंडाळायला चादर सोबत ठेवा.

लोणावळ्याला शनिवार-रविवारी जाऊ नका. बाजारातून पलीकडे जायला तास घालवाल. बुधवारी संध्याकाळी मात्र गाव आपलं असतं. तुंगार्लीचा चढ चढून गेलं की बंगले, त्यांची बंद फाटकं आणि तळ्यावरून येणारा गार वारा. मावशीची मुलगी संगीता तिथे घरगुती जेवण देते आणि दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी नक्की, जेवणासकट माणशी बाराशे. माझ्याकडून तिने एक पैसा घेतला नाही, उलट पोतं बघून म्हणाली, "वैशू, आधी हे गच्चीत ठेव. माझे पाहुणे पळून जातील."

शकूमावशी आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती. बारीक झाली आहे. तिने मला जवळ घेतलं, चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि मी मिटनचं नाव काढताच तो हात मागे घेतला.

"न्हाई गं. मी न्हाई विनायची."

मला वाटलं डोळ्यांचं कारण असेल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, पण तिला आता छान दिसतं, असं संगीता म्हणाली. गुडघे दुखतात, पण गुडघ्यांनी कोण विणतं? मी पुन्हा विषय काढला तेव्हा मावशी भिंतीकडे बघत म्हणाली, "मी डावा केला तर उजवा कोन करनार? आमी कवाच एकट्या हाताचं केलं न्हाई. ती न्हाई तर मी बी न्हाई."

"पण मावशी, आईला डावाच हवाय. उजव्याची गरजच नाही."

"तुला न्हाई कळायचं ते," मावशी म्हणाली आणि तिने तोंडावरून पदर घेतला. तिला मोजा विणणं म्हणजे इंदूचा हात कायमचा गेला हे मान्य करण्यासारखं वाटत होतं. मला ते कळत होतं, कारण चार महिने मी स्वतः तेच टाळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर फिरून आले. धरणाच्या भिंतीवरून धुकं उतरत होतं, फार सुंदर दिसत होतं, आणि माझं त्यात काडीचं लक्ष नव्हतं. आई घरी त्या गार हाताने बसली होती आणि मी रिकाम्या हाताने परत जाणार होते. नाश्त्याला संगीताने तांदळाची गरम भाकरी आणि लसणीची चटणी केली होती. मावशी समोर बसली होती. मी तिला मोबाइलमधले आईचे फोटो दाखवू लागले. भाऊबीजेचा, खुर्चीतला, नातवाबरोबरचा. एका फोटोवर मावशी थांबली. मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हे काय घातलंय तिच्या हाताला?"

"पायमोजा आहे," मी सांगितलं.

मावशीने मोबाइल टेबलावर आपटला. "हाताला पायमोजा? इंदूच्या हाताला? आगं, बटालियनच्या बटालियनला मोजं घातलं तिनं, आन तिच्या हाताला तुमी पायमोजा घालता? लाज न्हाई वाटत?" मग संगीताकडे वळून, "रिठं कुटं हायेत?"

तिच्या शिव्या ऐकताना मला इतका आनंद झाला की मी दुसरी भाकरी मागितली.

तिथून पुढचे दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत धरायला हरकत नाही. गच्चीत रिठ्याच्या पाण्यात जावळ धुतलं, उन्हात वाळवलं. बोटांनी पिंजायचं काम माझ्याकडे होतं. त्यात आंबीच्या रानातलं सगळं गवत निघालं. मावशी टकळीवर सूत काढायची. टकळी गरगर फिरत खाली जाते आणि तिच्यामागे धागा लांबत जातो, हे बघत मी लहानपणी जेवायची विसरायचे. आताही विसरले. फरक एवढाच की आता पाठ दुखते.

पांढरं सूत रंगवायला डाळिंबाच्या साली हव्या होत्या. त्या बाजारातल्या ज्यूसवाल्याकडे फुकट मिळतात, फक्त सकाळी लवकर सांगून ठेवावं लागतं. तुरटीच्या पाण्यातून काढलेलं सूत सालींच्या काढ्यात उकळलं की छान पिवळं होतं. देहूरोडची आमची मिटनं काळ्या-पिवळ्याचीच असायची. पण संगीताकडची सगळी मोठी भांडी पाहुण्यांच्या स्वयंपाकात अडकलेली. मावशीने घाईने अडगळीतली लोखंडी कढई घेतली आणि काढा त्यात चढवला. झाकण काढलं तर आत पिवळ्याचा मागमूस नाही. लोखंड उतरून सूत शेवाळ्यासारखं झालेलं. आम्ही तिघी कढईभोवती उभ्या राहून बघत होतो.

"माजंच चुकलं," मावशी म्हणाली. "लोखंड न्हाई चालत डाळिंबाला. पन्नास वर्सं ठावं हाय मला."

"पुन्हा करू," मी म्हटलं.

"पांढरं कुटं राह्यलंय? सगळं घातलं की." तिने काडीने सूत उचलून उन्हात धरलं, मान तिरकी केली. "ऱ्हाऊ दे. मावळातला रंग हाय म्हनावं, पावसाळ्यातल्या भिंतीवानी."

विणायला ती खिडकीशीच बसली. चार सुया, दोन रंग. जो रंग पुढे लागतो तो पुढे, दुसरा मागून गुपचूप चालत येतो आणि त्याची पाळी आली की वर येतो. मागचा धागा ओढला की नक्षी आकसते, सोडला की लोंबते. मावशीचा हात अजून तसाच सैल होता. विणता विणता ती डेपोतल्या गोष्टी सांगे. कोणता साहेब घोरायचा, कोणत्या पावसाळ्यात टपालाच्या गाडीवर बसून दोघी घरी आल्या, माझ्या जन्माच्या वेळी आई शेवटच्या दिवसापर्यंत कामावर कशी येत होती. हे सगळं आईकडून कधीतरी ऐकून घ्यायचं राहून गेलं होतं. इथे ते शंकरपाळ्यांच्या ओळींमधून बाहेर पडत होतं. मी मधेच आत जाऊन तोंड धुऊन आले.

एक गोष्ट मी पहिल्यांदाच पाहिली. सुताच्या प्रत्येक गुंड्याची दोन टोकं असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. मावशी दोन्ही रंगांची बाहेरची टोकं घेऊन विणत होती आणि आतली तिने पिनेने टाचून ठेवली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ती इंदूची. घरात रंगवलेला रंग दोनदा सारखा येत न्हाई. म्हनून एकाच गुंड्यावर दोघी बसायचो. मी भायरनं, ती आतनं."

मोजा पूर्ण झाला. आत हात घातला तर माझा हात त्यात पोहत होता. मावशीने तिची टोकं कापून बांधली. मग दुसऱ्या चार सुया काढल्या, गुंड्यांची आतली टोकं सोडवली आणि त्यावर नवे टाके घातले. मनगटाच्या दोन ओळी विणल्या आणि सुयांना बूच लावून सगळं माझ्या पिशवीत ठेवलं.

"मावशी, हे कशाला? मला विणता येत नाही. आणि आई तर..."

"तुला कोन विनायला सांगतंय? तिचं हाय ते. तिच्या म्होरं ठिव."

"तिला एकच हात आहे आता," मी जरा जोरातच बोलले.

"मला ठावं हाय," मावशी म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी निघाले तेव्हा तिने मला आईसाठी सुक्या बोंबलाची चटणी दिली, पण सुयांबद्दल पुन्हा बोलली नाही.

परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही, त्यामुळे माहिती देऊ शकत नाही. कार्ल्याजवळ थंडीने बोटं आखडली म्हणून थांबले, एवढं आठवतं. डिकीत सुया होत्या आणि मला त्यांची भीती वाटत होती. आयुष्यभर ज्या बाईने विणलं, तिच्यापुढे सुया ठेवायच्या आणि तिला त्या उचलता आल्या नाहीत म्हणजे? झटक्यानंतर एकदा नातवाच्या शर्टाचं बटण लावायला गेली होती आणि जमलं नाही तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती. देहूरोडपर्यंत येता येता मी ठरवून टाकलं, मोजा द्यायचा आणि सुया कपाटात ठेवायच्या. मावशीला सांगायचं, आईपुढे ठेवल्या म्हणून.

घरी आले तेव्हा आई खुर्चीत होती, हाताला पायमोजा. तो काढला. मोजा मुठीवर ठेवला आणि जरा ओढला, तो एकदाही न अडकता मनगटापर्यंत गेला. आईने उजव्या हाताने तो चाचपला. शंकरपाळ्यांवरून अंगठा फिरवला, हिरवट रंगाकडे बघून भुवया वर केल्या, मग हसली. तोंडाची एकच बाजू हसते आता, पण हसली. "गोणपाट," ती म्हणाली. मग पिशवीकडे बोट दाखवलं. "उजवा?"

मी नाही म्हणून मान हलवली. माझं खोटं तिला लहानपणापासून पकडता येतं. तिने बोट तसंच धरून ठेवलं. शेवटी मी पिशवी उघडली.

तिने सुया मांडीवर घेतल्या आणि बराच वेळ नुसत्या बघितल्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मग तिने बुचं दातांनी काढली. दोन्ही रंगांचे धागे उजव्या हाताच्या बोटांत अडकवले, मोकळी सुई उचलली आणि टाक्यांची सुई माझ्याकडे सरकवली. मला कळेना. तिने आपल्या कोपराने माझ्या डाव्या हाताला ढोसलं. "धर."

मी खुर्चीच्या हातावर, तिच्या डाव्या बाजूला टेकले आणि माझ्या डाव्या हाताने सुई धरली. आईने तिची सुई टाक्यात घातली, धागा फिरवला, टाका ओढून घेतला. दुसरा सुटला. तिसरा माझ्यामुळे सुटला आणि तिने मला "च्च" केलं, अगदी मी सातवीत असताना करायची तसं. तो परत उचलला. एक काळा, दोन शेवाळी, एक काळा. एका ओळीला संध्याकाळ गेली. भावजयीने दिवा लावला, कुकर लावला, दोनदा येऊन बघून गेली.

मावळात काय बघितलं, असं लोक विचारतात. भातखाचरं पाहिली, तळं पाहिलं, इंद्रायणीच्या भाताची चव जिभेवर आहे. तुम्हीही जाऊन या, थंडी सरायच्या आत. पण माझ्याजवळ खरं राहिलं ते हे, की माझ्या आईचे टाके कसे पडतात ते मला पहिल्यांदा माझ्या हातात जाणवलं. प्रत्येक टाक्याला सुई एक बारीक हिसका देते. इतकी वर्षं मी तो नुसता लांबून बघत होते.

त्या पहिल्या संध्याकाळी ओळ संपली तेव्हा माझा खांदा भरून आला होता. "आई, आता पुरे. उद्या करू," मी म्हटलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सुई पुढच्या टाक्यात घातली. तिने सुई सोडली नाही, म्हणून मीही सोडली नाही.